पैसे परत ओढण्याचं बटण

युट्रेख्ट या डच शहरातल्या त्या घरात वीज आणि गॅसचा करार माझ्या नावावर होता, कारण मी सगळ्यांत शेवटी आले होते. तिथली पद्धतच तशी होती. एका बंद पडलेल्या केशकर्तनालयाच्या वरचं ते दोन खोल्यांचं घर बऱ्याच वर्षांपासून एका मराठी मुलीकडून दुसऱ्या मराठी मुलीकडे येत आलं होतं. घराबरोबर कुकर यायचा, गाद्या यायच्या, एक सायकल यायची आणि करारही यायचा. जुनी मुलगी नोकरी लागून किंवा लग्न होऊन गेली की उरलेलीने नवीला सगळं समजावून सांगायचं आणि तिच्या नावावर चढवायचं. कारण नवी जास्त दिवस राहणार. मला समजावून सांगणारी ताई पुण्याची होती, आयटीत होती, आणि माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी होती. मी तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले. परक्या माणसाला नावाने हाक मारायला मला नेहमीच जड जातं.

कंपनी बदलायचा सल्लाही तिचाच. इथे दरवर्षी वीज कंपनी बदलायची असते, असं ती म्हणायची. जो बदलत नाही तो मूर्ख, कारण नव्या गिऱ्हाइकाला सूट आणि जुन्या गिऱ्हाइकाला फक्त शुभेच्छा. बदलताना काही करावं लागत नाही, नवी कंपनीच जुनीला कळवते, आपण फक्त खातं नंबर द्यायचा आणि पैसे आपोआप कापले जातात. मी ते सगळं मन लावून ऐकलं होतं. पण बदलायची वेळ आली तेव्हा ताई तिथे नव्हती. भावाच्या लग्नासाठी म्हणून ती पुण्याला गेली आणि साथीच्या दिवसांत विमानांचं काही खरं नसल्यामुळे तिथेच अडकली. पुढे तिच्या ऑफिसने तिला तिथूनच काम करायची परवानगी दिली, आणि वर्षाअखेरीस तिने तिची खोली सोडली. तिने फार संकोचाने सोडली, दोनदा फोन करून माफी मागितली. मी म्हणाले, काही नाही गं ताई, मी करते मॅनेज.

मॅनेज म्हणजे काय, ते मला जानेवारीत कळलं. पूर्ण घराचं भाडं एकटीवर आलं. माझी पहिली नोकरी, तीही शिकाऊ म्हणून, घरून लॅपटॉपवर. विद्यापीठ बंद, खोल्या शोधणारी मुलं आपापल्या देशात. ताईच्या जागी कुणी मिळेना. जानेवारीचं भाडं चार दिवस उशिरा गेलं, तर घरमालक स्वतः आले. उंच, सभ्य, म्हातारे गृहस्थ. जिन्याच्या वरच्या पायरीवर मास्क लावून लांब उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की त्यांची पुतणी कधीपासून हे घर मागते आहे. तुम्ही मुली पैसे वेळेवर देता म्हणून मी तिला नाही म्हणत आलो. आणखी एकदा असं झालं तर मला तिला हो म्हणावं लागेल. मग त्यांनी मला दिवस चांगला जावो म्हटलं आणि जिना उतरले.

ते ओरडले असते तर मला कमी भीती वाटली असती.

घर गेलं तर पत्ता जाणार होता. पत्ता गेला की खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, असलेली नोंद जाणार, आणि त्या नोंदीवर माझं बँकेचं खातं, नोकरी, राहण्याचा परवाना असं सगळं एकावर एक रचलेलं होतं. त्या हिवाळ्यात युट्रेख्टमध्ये दुसरी जागा मिळणं अशक्य होतं. जागा दाखवायलाच कुणी दार उघडत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की काहीही होवो, पहिल्या तारखेला भाडं गेलं पाहिजे. त्याच हिशेबाने मी स्वस्त वीज कंपनी शोधली आणि फेब्रुवारीपासून करार बदलला.

नव्या कंपनीने फेब्रुवारीच्या पहिल्याच तारखेला तिचा हप्ता कापला. दुसऱ्याच दिवशी जुन्या कंपनीनेही कापला.

मी भाजी चिरत होते तेव्हा फोन थरथरला. स्क्रीनवर जुन्या कंपनीचं नाव आणि उणे चिन्ह. मला आधी वाटलं की जुना मेसेज उशिरा आला असेल. ॲप उघडलं, तर रक्कम खरंच गेली होती. मी त्यांना ईमेल लिहिला. शाळेत शिकवलं होतं तसा, विषय, संदर्भ, नम्र विनंती. आपोआप उत्तर आलं की सध्याच्या परिस्थितीमुळे आमच्याकडे नेहमीपेक्षा जास्त काम आहे, आपल्या समजूतदारपणाबद्दल आभारी आहोत. मी समजूतदारपणे वाट पाहिली. मार्चमध्ये त्यांनी पुन्हा हप्ता कापला.

मी ताईला सांगितलं. तिचा लगेच व्हॉइस मेसेज आला. मागे कुकरच्या शिट्ट्या, तिची आई काहीतरी विचारते आहे, आणि ही हसते आहे. म्हणाली, अगं वेडाबाई, त्या रकमेवर बोट ठेव, खाली बटण येईल, ते दाब, पैसे परत. आठ आठवड्यांच्या आत कुठलंही ऑटो-डेबिट परत ओढता येतं. तिकडे सगळे ओढतात. जिममध्ये न जाणारे दर महिन्याला ओढतात.

मी बोट ठेवलं. बटण आलं. ते दाबल्यावर लगेच काही होत नव्हतं, आधी एक पान उघडायचं. मी ते पान फोनमधूनच भाषांतर करून वाचलं. त्यात लिहिलं होतं की रक्कम परत घेतल्याने तुमची देणं देण्याची जबाबदारी संपत नाही आणि कंपनी तुमच्याविरुद्ध पुढील पावलं उचलू शकते. मी 'पुढील पावलं' या शब्दांपाशी थांबले आणि ॲप बंद केलं.

हे इथे वाढलेल्या कुणाला समजणार नाही, ताईलाही समजलं नाही. पण माझे बाबा सांगलीला एका सहकारी बँकेत क्लिअरिंगला, म्हणजे चेक वटवण्याच्या विभागात, होते. त्यांची सगळी नोकरी परत जाणाऱ्या चेकांमध्ये गेली. कुणाचा चेक परत गेला, कुणाच्या खात्यात पैसे नव्हते, हे आमच्या घरात जेवताना कधीच बोललं जायचं नाही, पण लोक संध्याकाळी घरी यायचे. साहेब, आजचा दिवस थांबवा, उद्या सकाळी भरतो. बाबा त्यांना चहा द्यायचे आणि नाही म्हणायचे. आमच्या गल्लीत साड्यांचं दुकान असलेले एक काका होते. शाळेत जायला त्यांची मुलगी आणि मी एकाच रिक्षात असायचो. त्यांचे चेक परत गेले आणि समोरच्याने केस केली. एके दिवशी रिक्षात ती नव्हती. नंतर कळलं की त्यांच्या घरी पोलीस आले होते. त्या संध्याकाळी बाबा आईला हळू आवाजात म्हणाले होते, "माणूस वाईट नव्हता. पण एकदा परत गेलं की माणूस कसा होता ते कुणी विचारत नाही." मी चौथीत असेन. मी इंग्रजी माध्यमात शिकले, नोकरीत इंग्रजीतच विचार करते, पण घाबरते मी मराठीत, आणि या गोष्टीला घाबरायला मी त्या आठवड्यात शिकले.

आमच्या घराचा त्यामुळे एक नियम झाला. आपल्या खात्यावरून काहीही परत जाता कामा नये. वाद असला तर आधी पैसे द्यायचे, मग अर्ज करायचा. माझं पहिलं खातं उघडताना बाबांनी मला एवढंच सांगितलं होतं.

म्हणून मी बटण दाबलं नाही. खात्यात सगळ्यांना पुरतील एवढे पैसे ठेवायच्या मागे लागले. हीटर संध्याकाळपुरता लावू लागले, नंतर तोही नाही. खालचं दुकान बंद असल्यामुळे जमिनीतून गारठा वर यायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवायचे, कारण अंगावर ताईची सोडून गेलेली रजई असायची. आठवड्यातून एकदा सुपरमार्केटात जायचे, तेही संध्याकाळी, त्या दिवशी संपणाऱ्या वस्तूंवर सवलतीची चिठ्ठी लागते तेव्हा. त्या दिवसांत नऊला संचारबंदी लागायची. रस्त्यावरचा सायकलींचा आवाज एकदम थांबायचा आणि मग घरातले सगळे आवाज मला ऐकू यायला लागायचे. मीटरचं कपाट जिन्याखाली होतं. त्यातून मीटर फिरल्याचा आवाज येणं शक्य नव्हतं, कारण तो डिजिटल होता. तरी मला तो येत असे.

दाराची बेल वाजली की मी हातातलं काम तिथेच थांबवायचे. एकदा पार्सलवाला शेजारच्यांचं खोकं माझ्याकडे ठेवायला आला होता. मी दार उघडलंच नाही, तो जाईपर्यंत जिन्यात उभी राहिले. नंतर शेजारीण भेटली तेव्हा ती म्हणाली, तू घरी नव्हतीस वाटतं. त्या दिवसांत कुणीच कुठे गेलेलं नसायचं. मी म्हणाले, हो, बाहेर गेले होते.

बाबांचा फोन रविवारी यायचा. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. तिकडेही सगळं बंद होतं, बाबा निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि आई प्रत्येक फोनमध्ये कोण आजारी आहे ते सांगायची. त्यात माझं कुठे घालायचं? पण एका रविवारी मी विचारलंच. विचारलं ते असं, की बाबा, समजा एखाद्या कंपनीने चुकून दोनदा पैसे नेले, तर ते खात्यातून परत ओढणं बरोबर असतं का?

"ओढणं म्हणजे?" बाबा म्हणाले. "ते काय पतंग आहे का?"

मी सांगितलं की इथे तसं बटण असतं.

"बटण असतं म्हणून दाबायचं नसतं. लिफ्टमध्येसुद्धा एक लाल बटण असतं." मग त्यांनी विचारलं, "कुणाचं झालंय असं?"

"एका मैत्रिणीचं."

"मग मैत्रिणीला सांग, आधी लेखी कळव, पोच घे, आणि खात्यात पैसे ठेव. कंपनी मोठी आहे, ती कुठे जात नाही. आपलं नाव गेलं की ते परत येत नाही."

मी बरं म्हणाले. आई मागून म्हणाली की मैत्रीण नीट जेवते ना. मला त्याचं हसू आलं, आणि हसू आल्यामुळे मला बरं वाटलं, ते दोन तासांपुरतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं. ईमेलला उत्तर न देणाऱ्या कंपनीने हे मात्र व्यवस्थित, निळ्या अक्षरात, पीडीएफ करून पाठवलं होतं. मी कंपनी सोडली आहे हे त्यांना आता कुठे कळलं होतं. पण मी दिलेलं रीडिंग त्यांनी घेतलं नव्हतं. नव्या कंपनीला मी मीटरचा फोटो पाठवला होता, तो बहुधा पुढे गेलाच नाही. जुनीने स्वतःच्या अंदाजाने आकडा लावला होता. घरात दोन माणसं दिवसभर बसलेली आहेत असा तो अंदाज होता. शिवाय फेब्रुवारी-मार्चचे जे हप्ते त्यांनी जास्तीचे कापले, ते वजा धरलेच नव्हते. खाली एक ओळ होती की ही रक्कम महिनाअखेरीस आपल्या खात्यातून आपोआप घेतली जाईल, आपल्याला काहीही करण्याची गरज नाही.

मी खात्यातली शिल्लक पाहिली. तेवढी रक्कम गेली, तर पहिल्या तारखेला भाड्याला पैसे उरत नव्हते.

मी पुन्हा ईमेल लिहिला. हा पहिल्याइतका नम्र नव्हता, पण त्यातही मी शेवटी क्षमस्व असं लिहिलं. पुन्हा तेच समजूतदारपणाचं उत्तर आलं. त्यांच्या फोनवर मी दोनदा रांगेत थांबले, आणि दोन्ही वेळा माणसाचा आवाज यायच्या आत फोन ठेवून दिला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्यं लिहून काढते. ती वाक्यं समोर होती. पण संगीत थांबून पलीकडे कुणीतरी श्वास घेईल या कल्पनेनेच माझा हात लाल चिन्हाकडे जायचा.

ताईला लिहिलं की मला भीती वाटते. तिने फोन केला. या वेळी ती हसत नव्हती, पण तिचा स्वभाव जाणार कुठे. "तुला काय वाटतं, तुला पकडून नेतील?" ती म्हणाली. "नेऊ देत. डच तुरुंगातल्या खोल्या आपल्या खोलीपेक्षा मोठ्या असतात म्हणे, आणि हीटर फुकट."

मग ती म्हणाली, "ऐक. तू त्यांना फसवत नाहीयेस. ते चुकलेत."

मी म्हणाले, "ते चुकलेत हे मला माहीत आहे ताई. पण मी परकी आहे."

ती म्हणाली की तिने खोली सोडायला नको होती. मी म्हणाले की असं काही नाही. दोघींनाही माहीत होतं की थोडंसं तसंच आहे. तिने पैसे पाठवू का विचारलं, मी नको म्हणाले. दोघींचा आवाज चोरटा झाला आणि आम्ही फोन ठेवला.

महिनाअखेरीला मी सकाळी डोळे उघडल्याबरोबर ॲप पाहिलं. रक्कम गेली होती. मला हे माहीत होतं, तारीखही माहीत होती, तरी मी अंथरुणात उठून बसले. भाडं दुसऱ्या दिवशी जाणार होतं, तेही आपोआप. बँक ते द्यायला जाणार, खात्यात पैसे नसणार, आणि ते परत जाणार. घरमालकांकडे माझ्या नावाने परत जाणार. एवढे दिवस थंडीत बसून मी जे टाळत होते, ते काहीच न केल्यानेच घडणार होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसले. चहा ठेवायचंही सुचलं नाही. कुठून सुरुवात करावी म्हणून आधी जुन्या कंपनीने फेब्रुवारीत कापलेल्या हप्त्यावर बोट ठेवलं. खाली काहीच आलं नाही. पुन्हा ठेवलं. रक्कम, तारीख, कंपनीचं नाव, बस. बटण नव्हतं. आठ आठवडे नुकतेच उलटले होते. ते पैसे आता बटणाने परत येणार नव्हते, मी कितीही धीर केला तरी.

मला ज्याची भीती वाटत होती ते सगळं त्या क्षणापर्यंत बटण दाबण्यात होतं. न दाबण्यातही काही जातं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी मार्चचा हप्ता उघडला. तिथे बटण होतं. शेवटच्या बिलासमोरही होतं. मी तो जबाबदारीचा मजकूर या वेळी वाचला नाही. पैसे का परत घेता त्याचं कारण निवडायला सांगितलं, तेव्हा या रकमेशी मी सहमत नाही, असं होतं ते निवडलं. मग दुसऱ्या रकमेसाठी पुन्हा तेच.

पैसे तत्काळ आले. कुणी काही विचारलं नाही, घंटा वाजली नाही, ॲपमध्ये हिरव्या अक्षरात दोन ओळी उमटल्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली. इतक्या सहज झालेल्या गोष्टीची किंमत नंतर मोजावी लागते, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. ते पैसे कुणी परत न्यायच्या आत मी भाड्याचं आपोआप जाणं रद्द केलं आणि भाडं एक दिवस आधीच हाताने पाठवून दिलं. पाठवताना घरमालकांचा नंबर मी तीनदा तपासला. मग उठून सकाळचा राहिलेला चहा ठेवला.

तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मी खिडकीपाशी जात नव्हते. कुणी खालून पाहील असं वाटायचं. कोण पाहणार होतं, ते मला सांगता आलं नसतं. साड्यांच्या दुकानवाल्या काकांचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण त्यांच्या घरासमोर लावलेली पोलिसांची जीप आठवते, तिच्या चाकांवरचा लाल चिखल आठवतो. युट्रेख्टच्या त्या गल्लीत सायकलींखेरीज काही यायचं नाही. तरी गाडीचा आवाज आला की मी लॅपटॉपवरची बोटं उचलायचे.

गाडी आली नाही. फोन आला. ज्या कंपनीला माझे ईमेल वाचायला दोन महिने वेळ नव्हता, तिने पैसे परत गेल्यावर चौथ्याच दिवशी स्वतःहून फोन केला. मी तो अनोळखी नंबर पाहून घेणार नव्हते. पण माझी लिहिलेली वाक्यं टेबलावर तशीच पडली होती. म्हणून घेतला.

एक बाई होती, दमलेली, तिच्या मागे लहान मूल रडत होतं; तीही घरूनच काम करत असणार. तिने विचारलं की तुम्ही रक्कम का परत घेतली. मी वाक्यं वाचायला लागले. तिसऱ्या वाक्याला तिने मला थांबवलं आणि मीटरचा फोटो आहे का विचारलं. मी आहे म्हणाले. तो पाठवा म्हणाली. मी पाठवला, तिच्याकडे मूल रडतच होतं. मग ती म्हणाली की हा आकडा आणि आमचा आकडा यांत बराच फरक आहे, बिल पुन्हा करावं लागेल. फेब्रुवारीचाही हप्ता त्यात वळता करू. मी विचारलं की मी पैसे परत घेतले त्याबद्दल माझ्यावर काही होईल का. तिला प्रश्नच कळला नाही. मी दुसऱ्या शब्दांत विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही घेतले नसते तर मला तुमची केस दिसलीच नसती." ती माझी बाजू घेत नव्हती, तिच्यासमोर जे दिसत होतं तेच सांगत होती. नवीन बिल येईल, त्यावर हरकत असेल तर कळवा म्हणाली, आणि मुलाला काहीतरी डचमध्ये म्हणत फोन ठेवला.

नवीन बिल यायला बरेच दिवस लागले. त्या काळात त्यांच्याच दुसऱ्या विभागाकडून एक पत्र आलं, की आपल्याकडे थकबाकी आहे आणि ती न भरल्यास वसुली संस्थेकडे सोपवली जाईल. बाईने सांगितलेलं त्या विभागाला कळलं नव्हतं. मी पुन्हा दोन रात्री झोपले नाही. मग फोन केला, या वेळी रांगेत शेवटपर्यंत थांबले, आणि ते पत्र रद्द झालं. शेवटी बिल आलं तेव्हा त्यात त्यांनाच मला थोडे पैसे द्यायचे निघाले. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. आजही कंपनीचं नाव स्क्रीनवर आलं की मी आधी खात्यातली शिल्लक पाहते आणि मग वाचते.

एप्रिलच्या अखेरीस घरमालक आले. मी त्यांना खिडकीतून पाहिलं होतं, तरी जिन्यात थांबले. ते खालूनच म्हणाले की भाडं या वेळी एक दिवस आधी आलं होतं, आणि करार आणखी वर्षभरासाठी करायचा आहे का. पुतणीचं काय, असं मी विचारलं नाही. मी हो म्हणाले.

त्या रविवारी मी बाबांना पैशांचं सगळं सांगितलं. मैत्रीण म्हणून नाही, मी म्हणून. मी सांगत असताना त्यांनी एकदाही मध्ये काही विचारलं नाही, त्यामुळे मी जास्तच भरभर बोलू लागले. पैसे ओढले हे सांगितलं, दोनदा ओढले हेही सांगितलं. ते रागावतील या तयारीने मी बसले होते. क्लिअरिंगमधली सगळी वर्षं आणि त्यांची मुलगी हे करून बसली.

"खोली राहिली का?" त्यांनी विचारलं.

"राहिली. आणखी एक वर्ष."

फोन त्यांनी कानापासून दूर नेला असावा, कारण आवाज लांब गेला. "अगं, राहिली तिची खोली," ते आईला म्हणाले.

स्वयंपाकघरातून काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि आई आली. मी तिला घराबद्दल एक शब्द बोलले नव्हते. बाबांनाही नाही, आत्तासुद्धा नाही. घर जाऊ शकतं हे त्यांनी ताईकडून काढून घेतलं होतं, महिन्यापूर्वीच. ताईला शपथ घातली होती की मला कळू द्यायचं नाही, नाहीतर ही आणखी घाबरेल. महिनाभर दोघं सांगलीत बसून माझ्या घराच्या भाड्याची तारीख मोजत होते आणि रविवारी मला विचारत होते की तिकडे फुलं आली का.

"तुम्ही मला परत ओढू नको म्हणालात," मी म्हणाले.

"मला दुसरं काही माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. मला फोनमध्ये त्यांच्या पंख्याचा आवाज येत होता.

मी म्हणाले की अजून पूर्ण खात्री नाही, त्यांचं आणखी एखादं पत्र येऊ शकतं, त्यांच्या एका विभागाचं दुसऱ्याला कळत नाही.

"येऊ दे," बाबा म्हणाले. "पण या वेळी फोडल्याबरोबर आम्हाला वाचून दाखव. रविवारची वाट बघू नकोस."